विचारा की! : दगडात एक नाव, पाटीवर दुसरं

मागच्या अंकात जुन्या शाळांच्या इमारतींवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर आलेली बहुतेक पत्रं मुलींच्या शाळांबद्दलच निघाली. मुलांच्या शाळेबद्दल एकच पत्र आलं आणि तेही ग्राउंडवर पार्किंग कसं झालं याची तक्रार करणारं. म्हणून यावेळी सगळी जागा मुलींच्या शाळांना.

प्रश्न : ताई, मी राजारामपुरीत राहते, बँकेतून रिटायर झालेय. गेल्या उन्हाळ्यात लेकीकडं इंग्लंडला दोन महिने होते. तिच्या घराजवळ लाल विटांची एक मोठी इमारत आहे, आता त्यात फ्लॅट झालेत. दारावर दगडात कोरलंय 'काउंटी स्कूल फॉर गर्ल्स, १९०९' आणि गेटपाशी नवी पाटी आहे, 'पूर्वीचं गर्ल्स ग्रामर स्कूल'. जावई म्हणतात दोन वेगळ्या शाळा असतील. लेक म्हणते बिल्डरनं फ्लॅटचा भाव वाढवायला भारीतलं नाव लावलंय. खरं काय? आणि ग्रामर स्कूल म्हणजे तिथं काय नुसतं व्याकरण शिकवायचे?

उत्तर : जावई चुकले, लेक अर्धी बरोबर. शाळा एकच असणार. दगडावरचं नाव १९०९ चं आहे आणि पाटीवरचं बहुतेक १९४४ नंतरचं, आणि मधल्या पस्तीस वर्षांत काय काय झालं तोच त्या शाळेचा इतिहास.

आधी व्याकरणाचं बघू. ग्रामर म्हणजे लॅटिनचं ग्रामर. चार-पाचशे वर्षांपूर्वी तिकडं एखादा पैसेवाला व्यापारी नाहीतर पाद्री मरताना थोडी जमीन शाळेच्या नावानं ठेवायचा आणि तिच्या उत्पन्नावर गावातली पोरं लॅटिन घोकायची, कारण चर्च लॅटिनमध्ये, कोर्टकचेरी लॅटिनमध्ये, युनिव्हर्सिटी लॅटिनमध्ये. आपल्याकडं पाठशाळेत 'रामः रामौ रामाः' चालायचं तसंच बघा. आणि पोरं म्हणजे मुलगेच, मुलीनं लॅटिन शिकून करायचं काय असा सरळ हिशोब.

हे असं पार १८६० पर्यंत चाललं. मग सरकारनं टाँटन कमिशन नेमलं, देशातल्या या इस्टेटीवाल्या शाळा तपासायला, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला त्यात मुलींचा विचारच नव्हता, एमिली डेव्हिस आणि तिच्यासारख्या बायकांनी पाठ धरली म्हणून मुलींच्या शाळाही तपासात आल्या. १८६८ ला रिपोर्ट आला तेव्हा कळलं की असल्या देणगीच्या इस्टेटीवर चालणाऱ्या मुलींच्या माध्यमिक शाळा अख्ख्या देशात जेमतेम डझनभर. पुढच्याच वर्षी, १८६९ ला, कायदा झाला की या जुन्या इस्टेटींचा फायदा शक्य तिथं मुलींनाही द्यावा. 'शक्य तिथं' हे शब्द लक्षात ठेवा, सरकारी कागदात ते आले की निम्मं काम तिथंच राहतं, मग सरकार लंडनचं असो नाहीतर मुंबईचं. आपल्या भिडेवाड्यातली शाळा याच्या वीस वर्षं आधीची, १८४८ ची. अर्थात ती प्राथमिक आणि हे माध्यमिकचं बोलणं, त्यामुळं लगेच कॉलर ताठ करायला नको, पण बरं वाटतं एवढं खरं.

आता तुमच्या दगडाकडं येऊ. १९०२ च्या कायद्यानं शाळा काउंटी कौन्सिलांच्या हातात आल्या, म्हणजे ढोबळमानानं आपली जिल्हा परिषद समजा, आणि या कौन्सिलांनी पुढच्या दहा-बारा वर्षांत गावोगाव मुलींची माध्यमिक शाळा बांधायचा सपाटा लावला. तुमची १९०९ ची 'काउंटी स्कूल फॉर गर्ल्स' त्यातलीच दिसते. फी होती. पण १९०७ पासून नियम आला की सरकारी ग्रँट पाहिजे तर साधारण पाव जागा फुकट द्या, प्राथमिक शाळेतून परीक्षा देऊन येणाऱ्या पोरींना. म्हणजे वर्गात चार पोरी असल्या तर तिघींचे बाप फी भरणारे आणि एक स्कॉलरशिपवाली, आणि कोण कुठली हे बुटांवरून ओळखू यायचं असं तिकडच्या म्हाताऱ्या बायका सांगतात.

मग १९४४ चा कायदा. सरकारी माध्यमिक शाळांची फी गेली, पण फीच्या जागी परीक्षा आली. अकराव्या वर्षी सगळ्या पोरांची एक परीक्षा, तिला इलेव्हन प्लस म्हणायचे, वरचे पोरगे-पोरी ग्रामर स्कूलला आणि बाकीचे बहुतेक सगळे सेकंडरी मॉडर्नला, म्हणजे साध्या माध्यमिक शाळेला. तिसरा प्रकार टेक्निकल स्कूलचा होता, तो कागदावरच जास्त राहिला. या वाटणीत ज्या शाळा वरच्या खणात गेल्या त्यातल्या पुष्कळ 'काउंटी स्कूल'वाल्यांनी नाव बदलून 'ग्रामर स्कूल' केलं. लॅटिनशी संबंध असो नसो, नावाला वजन होतं. म्हणजे भाव वाढवायला नाव लावलं ही लेकीची शंका काही अगदी चूक नाही, फक्त ते काम बिल्डरच्या आधी शाळेनंच करून ठेवलं होतं.

आत काय शिकवायचे? इंग्रजी, गणित, फ्रेंच, इतिहास, लॅटिनही असायचं आणि सोबत शिवण-स्वयंपाक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी नियमांत मोठ्या मुलींना सायन्स सोडून त्याऐवजी गृहकृत्य घ्यायची मुभाच होती. मुलग्यांना अशी मुभा कुणी दिली नाही, म्हणजे बघा सोय कुणाची चालली होती. चांगल्या हेडमिस्ट्रेस याच्याशी झगडायच्या, कारण त्यांना पोरी युनिव्हर्सिटीला पाठवायच्या होत्या. आणि युनिव्हर्सिटीची तरी काय तऱ्हा! लंडननं १८७८ ला बायकांना डिग्रीचं दार उघडलं, ऑक्सफर्डनं १९२० ला, आणि केंब्रिजनं बायकांना बरोबरीची डिग्री दिली १९४८ ला. तोपर्यंत पोरी तिथं शिकायच्या, परीक्षा द्यायच्या, पास व्हायच्या आणि नुसतं सर्टिफिकेट घेऊन घरी जायच्या. कलकत्ता युनिव्हर्सिटीतून कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू १८८३ ला पदवीधर झाल्या होत्या हो! इथं मात्र मी कॉलर ताठ करणार.

शिकवणाऱ्या बाया सगळ्या 'मिस'. ते काही हौसेनं नाही. बऱ्याच कौन्सिलांचा नियमच होता की लग्न केलं की नोकरी सोडायची, हे १९४४ च्या कायद्यानं बंद झालं. शिवाय पहिल्या महायुद्धात इतकी तरणी पोरं गेली की त्या पिढीतल्या कितीतरी जणींची लग्नं झालीच नाहीत, त्यातल्या पुष्कळ जणी शिक्षिका झाल्या आणि तीस-तीस, पस्तीस वर्षं एकाच शाळेत शिकवत राहिल्या. त्यांच्या विद्यार्थिनींच्या संघटनेला 'ओल्ड गर्ल्स' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं वृद्धाश्रमाचं नाव आहे.

मग शेवट. पोरांना अकराव्या वर्षी चाळून वेगळं काढायचं हे लोकांना खुपायला लागलं, विशेषतः ज्यांची पोरं चाळणीतून खाली पडली त्यांना. १९६५ ला मंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी सर्क्युलर काढलं, त्याचा नंबर १०/६५, तिकडं शिक्षणातल्या माणसाला नुसता नंबर सांगितला तरी कळतो. सगळी पोरं एकाच प्रकारच्या शाळेत घ्यायची, तिला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणायचं. सक्ती नव्हती, 'विनंती' होती, पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बहुतेक ग्रामर शाळा गेल्या. तेव्हा सुमारे १३०० होत्या, आज इंग्लंडमध्ये १६३ उरल्यात, केंट, बकिंगहॅमशायर, लिंकनशायर अशा भागांत जास्त. मार्गारेट थॅचर स्वतः ग्रँथमच्या मुलींच्या ग्रामर स्कूलच्या, ती शाळा अजून आहे, आणि १९७० ते ७४ या बाई शिक्षणमंत्री असतानाच कॉम्प्रिहेन्सिव्हच्या प्रस्तावांवर सगळ्यात जास्त सह्या झाल्या. राजकारणात असं होतं.

मुलींच्या शाळांचं आणखी एक झालं. कॉम्प्रिहेन्सिव्ह करताना शेजारची मुलांची शाळा आणि मुलींची शाळा एकत्र करायचे, मुलांच्या शाळेचं ग्राउंड मोठं म्हणून नवी शाळा तिकडं जायची, मुलींची इमारत मग रिकामी. नाव बहुतेक दोन्हीचं जायचं. तुमच्या लेकीच्या शेजारच्या इमारतीचं असंच झालं का हे तिथल्या लायब्ररीत विचारा, जुन्या पेपरच्या फायली असतात.

असली एक इमारत मी आतून बघितलीय. भाच्याकडं गेले होते, त्याला तिथला फ्लॅट बघायचा होता, मी आपली शेपटासारखी मागं. फ्लॅट काही लक्षात नाही. जिन्याखाली मात्र पोरींची कोट अडकवायची जागा तशीच ठेवली होती, लोखंडी खुंट्यांची रांग, प्रत्येकीखाली पांढऱ्या रंगात नंबर, आणि खुंट्या माझ्या छातीच्या उंचीला. अकरा वर्षांच्या पोरीचा हात पोचेल अशा. १४ नंबरला कुणाच्यातरी कुत्र्याचा पट्टा अडकवला होता. वर जिन्याच्या वळणावर लाकडी फळा, सोनेरी अक्षरांत स्कॉलरशिप मिळवलेल्या पोरींची नावं, साल, कॉलेज. खालच्या निम्म्या फळ्यावर नावंच नाहीत, नुसतं पॉलिश केलेलं लाकूड. एजंट म्हणाला ते 'कॅरॅक्टर' आहे इमारतीचं, आणि त्याचे पैसेही धरलेले असणार. भाच्यानं तो फ्लॅट घेतला नाही.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे, कसबा बावडा. कुठंतरी वाचलं की त्या इलेव्हन प्लसमध्ये मुलींना पास व्हायला मुलग्यांपेक्षा जास्त मार्क लागायचे. हे खरं की व्हॉट्सॲपवरचं?

उत्तर : खरं आहे. अकराव्या वर्षी मुली सरासरीनं पुढं असतात हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही रोज बघता. नुसते मार्क लावले तर ग्रामर स्कूलच्या निम्म्याहून जास्त जागा मुलींना गेल्या असत्या. म्हणून बऱ्याच कौन्सिलांनी दोघांच्या याद्या वेगळ्या केल्या. कारण असं सांगायचे की मुलगे उशिरा पिकतात, पुढं भरून काढतील. शिवाय पुष्कळ ठिकाणी मुलग्यांच्या ग्रामर शाळा जुन्या इस्टेटीवाल्या, त्यामुळं त्यांच्या जागाच जास्त. म्हणजे मुलगी जास्त मार्क घेऊनही बाहेर आणि शेजारचा मुलगा कमी मार्कात आत.

याची केस शेवटी गाजली ती बर्मिंगहॅमची. तिथं मुलग्यांना ग्रामरच्या ५४० जागा आणि मुलींना ३६०. समान संधी आयोग कोर्टात गेला, कौन्सिल म्हणालं आम्ही काही मुद्दाम केलं नाही, शाळाच तशा आहेत पूर्वीपासून. १९८९ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, सांगितलं की हेतू काय होता ते आम्ही विचारत नाही, मुलींना कमी मिळतंय ना, मग हा भेदभावच. मला हा निकाल फार आवडतो. 'पूर्वीपासून असंच आहे' हे वाक्य आपण किती ठिकाणी ऐकतो, ऑफिसात, घरात, हळदीकुंकवाच्या पंगतीत सुद्धा.

प्रश्न : ताई, मी बी.एड. करतेय, शिवाजी पेठेत राहते. आमच्या प्रोजेक्टसाठी विचारते, कोल्हापुरात मुलींची अशी ग्रामर स्कूल होती का? एमएलजी हायस्कूलला तसं म्हणता येईल का?

उत्तर : नको म्हणू गं, सर कापतील मार्क. अकराव्या वर्षी चाळणी लावून वेगळी काढलेली सरकारी शाळा ही ग्रामरची खूण, तसली भानगड आपल्या संस्थानात नव्हती. आपल्याकडची चाळणी वेगळी होती, ती म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल, लोक नुसतं 'फायनल' म्हणायचे. माझी आत्या फायनल झालेली, आणि गल्लीत तिची ओळख शेवटपर्यंत 'फायनल झालेली' अशीच, नवऱ्याच्या नावाआधी हे यायचं. फायनल झाली की बाई शाळेत मास्तरीण होऊ शकायची. त्या आधीची चाळणी म्हणजे घरच्यांची, ती काय कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती.

प्रोजेक्टला धागा पाहिजे तर रखमाबाई केळवकरांपासून धर. संस्थानात मुलींच्या शाळांवर देखरेख करायला मिस लिटल नावाच्या युरोपियन बाई होत्या, त्यांच्यानंतर शाहू महाराजांनी ती जागा रखमाबाईंना दिली. त्या काळात संस्थानातल्या शिक्षणखात्यात एवढी मोठी जागा आणि तिथं एक मराठी बाई, लोकांनी काय काय बोललं असेल याची कल्पना कर. त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली, महाराजांनी तिला पुढं शिकायला परदेशी पाठवलं आणि तिनं काम केलं ते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आपला सीपीआर. तुझी आजी थोरला दवाखाना म्हणत असेल. बघ, दगडात एक नाव आणि तोंडात दुसरं हे काही इंग्लंडचं एकट्याचं नाही.

दुसरा धागा राजवाड्यातला. १९१८ च्या जूनमध्ये महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी डुकराच्या शिकारीत गेले. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, सून इंदुमतीराणी तेव्हा लहान पोरच. घरातल्या लोकांचा विरोध असताना महाराजांनी तिला सोनतळी कॅम्पवर ठेवून शिकवलं, सोबतीला आणखी मुली ठेवल्या, म्हणजे चार-पाच पोरींची शाळाच म्हण की. १९१७ ला संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणारा राजा, पोर शाळेत नाही पाठवलं तर बापाला महिन्याला एक रुपया दंड लावणारा, पण स्वतःच्या सुनेला शिकवायला त्यालासुद्धा घरच्यांशी भांडावं लागलं. प्रोजेक्टमध्ये हे लिही, नुसत्या जीआरच्या तारखा लिहू नको.

आणि एमएलजी म्हणजे महाराणी लक्ष्मीबाई गर्ल्स हायस्कूल, शाहू महाराजांच्या राणीसाहेबांचं नाव. भवानी मंडपातनं रोज जाणाऱ्या दहा पोरींना विचार एमएल म्हणजे काय, दोघी सांगतील. पद्माराजे, उषाराजे ही नावंही राजघराण्यातल्या मुलींचीच. उषाराजे हायस्कूल चालवणारं ताराराणी विद्यापीठ व्ही. टी. पाटलांनी काढलं, कमला कॉलेजही त्याचंच. १९४९ ला १ मार्चला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, राजाचं राज्य गेलं पण शाळांवरची राण्या-राजकन्यांची नावं राहिली, आणि रिक्षावाल्यांना तेवढीच कळतात.

प्रश्न : आम्ही दहा-बारा जणी एका मुलींच्या शाळेच्या, ७८ च्या बॅचच्या. पट कमी झाला म्हणून शाळा बंद झाली, शाळेचं नाव छापू नका. आम्हाला शाळेचा इतिहास लिहून छोटी पुस्तिका काढायचीय. फोटो गोळा केलेत, पुढं काय करू? संस्थेच्या ऑफिसात गेलो तर म्हणाले रेकॉर्ड पुराच्या पाण्यात भिजलं, आता काही मिळणार नाही.

उत्तर : पहिली गोष्ट, 'भिजलं' म्हणजे 'गेलं' नाही. पुन्हा जा, दोघी-तिघी जा, आणि 'इतिहास' म्हणू नका. 'जनरल रजिस्टर बघायचंय' म्हणा. इतिहास म्हटलं की क्लार्क वर बघत नाही, रजिस्टर म्हटलं की त्याला कपाट आठवतं. जनरल रजिस्टर कायमचं जपायचं असतं, दाखला त्याच्यावरनंच निघतो, त्यामुळं शाळा बंद झाली तरी ते कुणाच्यातरी ताब्यात असणारच, संस्थेकडं नाहीतर शिक्षण खात्याच्या ऑफिसात. आणि २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला लोकांनी जुनी रजिस्टरं जी उपसलीत, त्यामुळं कुठल्या शाळेचं रजिस्टर कुठं आहे हे ऑफिसातल्या शिपायाला आता तोंडपाठ असतं. साहेबांच्या आधी शिपायाला विचारा.

रजिस्टर हातात आलं की नावं बघत बसू नका, रकाने बघा. शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचं कारण. माझ्या हातात एकदा असं एक रजिस्टर आलं होतं, पानं पुरानं चिकटलेली, उलथन्यानं सोडवल्यासारखी एकेक सोडवावी लागली. कारणाच्या रकान्यात ओळीनं 'लग्न', 'लग्न', 'परगावी', 'लग्न', 'घरकाम', 'लग्न'. मास्तरांचं अक्षर इतकं सुरेख की सगळे 'ग्न' एकाला झाकून एक काढावेत असे सारखे. मधेच एका पोरीपुढं 'पुढील शिक्षण' लिहिलेलं आणि त्या शब्दाखाली बारीक रेघ मारलेली. कुणी मारली कोण जाणे, सरकारी रजिस्टरात रेघ मारायची नसते. पुस्तिकेत हाच रकाना दहा-दहा वर्षांनी मोजून टाका, कुठल्या साली 'लग्न' कमी होत गेलं ते आपोआप दिसेल. पोरींची नावं मात्र छापू नका, त्यांच्या नातवंडांना आवडेलच असं नाही.

रजिस्टरानंतर शेरेबुक. इन्स्पेक्टर येऊन जे लिहून जायचे ते. त्यात शाळेचं खरं कळतं, गळकं छप्पर, संडास नाही, मुलींना खेळायला जागा नाही, आणि पुढच्या वर्षीच्या शेऱ्यात पुन्हा तेच. संस्थानकाळातलं काही असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधा, आणि जुन्या पेपर-मासिकांसाठी करवीर नगर वाचन मंदिर, कनवा, १८५० पासूनची संस्था आहे. जुनी पानं मोडीत निघतील, घाबरू नका, मोडी वाचणारी पोरं-पोरी आता पुष्कळ तयार झालीत, चहा आणि थोडं मानधन दिलं की वाचून देतात. चहाबरोबर भडंगही ठेवा.

आणि हे कागद मिळेपर्यंत थांबू नका, शाळेच्या जुन्या शिपाईमावशी असतील तर आधी त्यांच्याकडं जा, याच आठवड्यात. घंटा कधी बदलली, कुठल्या बाईंनी कुणाच्या घरी जाऊन बापाशी भांडून पोरगी शाळेत परत आणली, हे शेरेबुकात कधीच नसतं. फोन टेबलावर रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि मधे मधे 'हो का, हो का' करू नका, नंतर ऐकताना तेवढंच ऐकू येतं. ही चूक मी केलीय, पाऊण तासाची टेप आहे माझ्याकडं, निम्मी माझीच बडबड.